झाडपाल्याची साक्ष

"झाडपाल्याचेच औषध आहे, गुण आला तर आला, अपाय तर होणार नाही!" हे वाक्य ज्याने कधी ऐकले नाही, किंवा स्वतःच कधी उच्चारले नाही, असा माणूस आपल्याकडे सापडणे कठीण. मी तीसएक वर्षे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले. कण्हेर, धोतरा, बचनाग, गुंज यांची विषे विद्यार्थ्यांकडून पाठ करवून घेतली. ती पाठ करून मुले घरी जात आणि आजीच्या तोंडून हेच वाक्य ऐकत. मौज अशी की, दोन्ही गोष्टी त्यांच्या डोक्यात गुण्यागोविंदाने नांदत. पुढे माझ्या लक्षात आले की, त्या वाक्याचा वनस्पतिशास्त्राशी काही संबंधच नाही. ते नीतिशास्त्रातले वाक्य आहे. झाड हे निष्पाप आणि कारखाना हा लबाड, असा एक निवाडा त्यात आधीच देऊन टाकलेला असतो. मग पुरावा तपासतो कोण?

दिवाळीच्या दिवसांत या निवाड्याची आठवण करून देणारा एक पदार्थ आपल्या घरांत कित्येक वर्षे होता. वनस्पती तूप! नावातच वनस्पती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चकल्या आणि करंज्या त्यात तळल्या गेल्या. तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करताना जी ट्रान्स मेदाम्ले तयार होतात, ती रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात आणि चांगले घटवतात हे पुढे सिद्ध झाले, आणि आपल्या देशात खाद्यतेलांतील त्यांचे प्रमाण दोन टक्क्यांवर आणणारा नियम जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्या डब्यावरच्या नावाने कुणाला कधी सावध केले नव्हते. उलट निर्धास्तच केले होते.

आता त्याच कोलेस्टेरॉलवर उतारा म्हणून दुकानादुकानांत झाडपाल्याच्या बाटल्या मांडलेल्या दिसतात. लसणीच्या गोळ्या, मेथीचे चूर्ण, हळदीचा अर्क, अर्जुनसालीचा काढा, गुग्गुळाच्या वट्या, आणि परदेशी गेलेल्या मुलांनी आईबापांसाठी आणलेल्या तांबड्या तांदळाच्या कुप्या. वनस्पतिशास्त्राची बाई म्हणून मला लोक विचारतात, "यांतले सर्वांत चांगले कोणते?" प्रश्न सरळ आहे, आणि त्याचे उत्तर पुष्कळसे देताही येते. पण ते देऊ लागले की मागून एक दुसराच प्रश्न उभा राहतो, आणि खरे म्हणजे त्याच्याविषयीच मला लिहायचे आहे.

आधी सरळ प्रश्न. कोलेस्टेरॉल हे काही विष नव्हे. पेशींच्या आवरणाला, पित्ताला, कित्येक संप्रेरकांना ते लागते, आणि त्यातले बहुतेक आपले शरीर स्वतःच तयार करते. ते रक्तातून वाहून नेणारे एलडीएल नावाचे कण फार झाले म्हणजे धमन्यांच्या भिंतींत मुरत जातात, आणि पंचवीस-तीस वर्षांनी एखाद्या पहाटे छातीत कळ येते. तेव्हा तुलना करायची ती एलडीएल किती उतरते याची.

लसणीची परीक्षा २००७ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी फार बारकाईने घेतली. १९२ माणसांचे गट केले. कुणाला कच्ची लसूण, कुणाला लसणीच्या दोन प्रकारच्या गोळ्या, कुणाला बिनऔषधाची गोळी. सहा महिने. एलडीएलमध्ये फरक पडला नाही. २०२२ साली क्लीव्हलंडमध्ये सुमारे दोनशे माणसांवर आणखी एक चाचणी झाली. तीत लसूण, हळद, दालचिनी, माशाचे तेल, वनस्पतींतील स्टेरॉल आणि तांबडा तांदूळ असे सहा उमेदवार एका बाजूला, आणि रोसुव्हास्टॅटिन या गोळीची पाच मिलिग्रॅमची लहान मात्रा दुसऱ्या बाजूला. अठ्ठावीस दिवसांत गोळीने एलडीएल सुमारे ३८ टक्क्यांनी उतरवले. सहांपैकी एकही बिनऔषधाच्या गोळीच्या पुढे ठळकपणे गेला नाही. हेही सांगितले पाहिजे की, ही गोळी मुळात ज्या कंपनीची, तिच्याच पैशाने ही चाचणी झाली. साक्षीदाराचा भत्ता कोण देतो हे न्यायालयाला ठाऊक असावे.

झाडपाल्याच्या बाजूने एक साक्षीदार मात्र मला प्रामाणिक वाटतो, तो म्हणजे इसबगोल. नाव फारसी, घोड्याच्या कानासारखे बी म्हणून पडलेले. उत्तर गुजरात आणि राजस्थानच्या शेतांत तो पिकतो. त्याचा भुसा पाण्यात फुगून बुळबुळीत होतो, आतड्यात पित्ताला धरून ठेवतो आणि बाहेर घेऊन जातो. मग नवे पित्त करायला यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घ्यावे लागते. रोज दहाएक ग्रॅम घेतला तर एलडीएल पाच ते दहा टक्के उतरते. गौडबंगाल काही नाही, आणि त्याचा भावही कुणाच्या डोळ्यांत भरणारा नाही. पुरेसे पाणी न पिता तो घशाखाली ढकलला तर घशात अडकतो, एवढे ध्यानात ठेवावे. अशा साध्या गोष्टीची कुणी भक्ती करत नाही. इसबगोलाविषयी डोळे मिटून बोलणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

तांबड्या तांदळाची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. भातावर मोनॅस्कस नावाची बुरशी चढवून तो लालभडक करण्याची कला चिनी लोकांना शेकडो वर्षांपासून अवगत आहे. खाद्यपदार्थांना रंग आणायला तो वापरतात, औषधातही वापरतात. इकडे जपानात अकिरा एंडो नावाचा एक शेतकऱ्याचा मुलगा, लहानपणापासून बुरशी आणि अळंब्यांचा नादी. टोकियोतल्या एका औषधकंपनीत त्याने यकृताला कोलेस्टेरॉल बनवू न देणारा पदार्थ शोधण्यासाठी सहा हजारांवर बुरश्या तपासल्या. १९७३ साली क्योटोच्या एका धान्याच्या दुकानातील तांदळावर सापडलेल्या निळसर-हिरव्या बुरशीत त्याला तो गवसला. जगातले हे पहिले स्टॅटिन. १९७९ साली त्याने मोनॅस्कसच्या एका जातीतून दुसरे एक द्रव्य वेगळे केले आणि त्याला मोनॅकोलिन के असे नाव दिले. त्याच सुमारास अमेरिकेत आणखी एका बुरशीतून लोव्हास्टॅटिन काढण्यात आले होते, आणि १९८७ साली ते औषध म्हणून बाजारात येण्यास तेथे परवानगी मिळाली. मोनॅकोलिन के आणि लोव्हास्टॅटिन हे एकच द्रव्य निघाले! एंडो २०२४ साली, नव्वदी गाठून, वारले.

म्हणजे ज्या गोळीला आपण "केमिकल" म्हणून नाक मुरडतो तिचे कूळ तांदळावरच्या बुरशीचे आहे, आणि जो तांदूळ आपण "नैसर्गिक" म्हणून हौसेने घेतो, त्याच्यात गुण असला तर तो त्या गोळीचाच आहे. चीनमध्ये या तांदळाच्या प्रमाणित अर्काची हजारो हृदयरुग्णांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले, आणि झटक्यांचे प्रमाण त्यात खरोखर घटले होते. पण बाटलीवर तांदूळ लिहिले की आत किती मोनॅकोलिन आहे हे सांगण्याचे बंधन सुटते. २०१० साली अमेरिकेत बारा तऱ्हेच्या कुप्या तपासल्या, तेव्हा कुणात मिलिग्रॅमचा दहावा भाग तर कुणात दहा मिलिग्रॅम असे प्रमाण निघाले, आणि बारांपैकी चारांत मूत्रपिंडाला घातक असे सिट्रिनिन नावाचे बुरशीचे विष होते. जपानात २०२४ साली तांबड्या बुरशीच्या अशाच गोळ्या खाऊन अनेकांची मूत्रपिंडे बिघडली, काही माणसे दगावली. कारखान्यात भलतीच बुरशी शिरल्याचा संशय होता. स्टॅटिन घेणाऱ्याने वर हा तांदूळ घेणे म्हणजे एकच औषध दोनदा घेणे होय.

यावरून मला असे वाटते की, जे द्रव्य शरीरात खोल जाऊन काही बदलू शकते, ते बिघडवूही शकते. झाडातून आले म्हणून त्याला फक्त पहिलाच मार्ग माहीत असतो असे नाही. "गुण आला तर आला, अपाय नाही" या वाक्यात आपण निसर्गाकडे दुधारी शस्त्र मागतो आणि त्याची एक धार बोथट असावी असा हट्ट धरतो.

आता गुग्गुळ. येथे मात्र मी थोडी रेंगाळणार आहे, कारण ही आपल्या घरातली गोष्ट आहे. काशी हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती नावाच्या संशोधक विद्यार्थिनीने सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाचे वर्णन वाचले. अति खाणे, बसून राहणे, मेद वाढणे, आणि त्या मेदाने शरीरातील मार्ग अडणे असा तो क्रम. धमन्यांच्या काठिण्याचे आधुनिक वर्णन याच्याशी जुळते असे त्यांना दिसले. आता आपल्यापैकी कुणी असते तर एवढ्यावरच एक व्याख्यान ठोकले असते, "पाहा, आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते!" सत्यवतींनी तसे केले नाही. त्यांनी सशांना कोलेस्टेरॉल वाढेल असे खाऊ घातले, त्यांतल्या काहींना सुश्रुताने सांगितलेला गुग्गुळ दिला, आणि काय होते ते मोजले. सशांचे कोलेस्टेरॉल उतरले. तो प्रबंध १९६६ सालचा. पुढे त्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत या कामातून गुग्गुळाचा प्रमाणित अर्क तयार झाला, भारतातल्या चाचण्यांत माणसांवरही त्याचा गुण दिसला, आणि १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात तो औषध म्हणून विकू लागले.

२००२ साली तर 'सायन्स' या नियतकालिकात गुग्गुळातले द्रव्य पेशीतल्या नेमक्या कोणत्या ग्राहकावर काम करते याचा शोध छापून आला. गुग्गुळाचे दिवस उजाडले असे वाटावे असा तो क्षण. आणि पुढल्याच वर्षी फिलाडेल्फियात झालेल्या चाचणीचे निष्कर्ष आले. १०३ माणसे, आठ आठवडे. बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांचे एलडीएल पाच टक्के उतरले. गुग्गुळ घेणाऱ्यांचे चार-पाच टक्के चढले. सहा जणांच्या अंगावर पुरळही उठले.

आपल्याकडे यावर जी उत्तरे दिली गेली ती मी लक्ष देऊन ऐकली आहेत. अमेरिकनांचा आहार वेगळा. आठ आठवडे थोडे झाले. आयुर्वेदात गुग्गुळ शोधन करून आणि इतर द्रव्यांबरोबर देतात, एकटा अर्क हा आयुर्वेदच नव्हे. यांतला एकही आक्षेप पोकळ नाही. शेवटचा तर विचार करण्यासारखा आहे. पण मग न्याय असा की, त्या आक्षेपातून नवी परीक्षा निघावी. शोधन केलेला गुग्गुळ, आपला आहार, अधिक काळ. आपण आक्षेप घेतो आणि तेथेच हुश्श करून बसतो. सशांचे कोलेस्टेरॉल उतरले तेव्हा हीच प्रयोगशाळा आपल्याला मान्य होती. साक्षीदार आपल्या बाजूने बोलेल तोवरच त्याला पिंजऱ्यात उभा करायचा, ही पूर्वजांची भक्ती नव्हे. सुश्रुताचा खरा मान सत्यवतींनी राखला असे मी म्हणते. त्याचे म्हणणे खोटे ठरू शकेल अशा ठिकाणी नेऊन त्यांनी ते तपासले.

आणि आता तो मागचा प्रश्न. आमच्या आळीत एक गृहस्थ आहेत. त्यांना सगळे नाना म्हणतात. तीन वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला, धमनीत स्टेंट बसवला, स्टॅटिनची गोळी सुरू झाली. पुढे पायांत गोळे येतात म्हणून त्यांनी ती बंद केली आणि एका जिवलग मित्राने आणून दिलेले गुग्गुळाचे चूर्ण सुरू केले. त्यांच्या पत्नी माझ्याकडे आल्या. "बाई, तुम्ही सांगितलेत तर ऐकतील. तुम्ही झाडाझुडपांतल्या." मी गेले, आणि वर लिहिले आहे त्यातले पुष्कळसे सांगितले. नानांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "बाई, तुमचे आकडे खरे असतील. पण गोळी हातात घेतली की मी रोगी आहे असे रोज सकाळी आठवते. चूर्ण घेताना मी माझी निगा राखतोय असे वाटते. हे तुमच्या आकड्यांत कुठे बसते?"

मला ते उत्तर फार आवडले, आणि म्हणूनच ते मला अडवून बसले. आपण झाडपाला निवडतो तो पुष्कळदा रक्तासाठी निवडतच नाही. स्वतःविषयीच्या एका कल्पनेसाठी निवडतो. ती कल्पना खोटी आहे असेही मला म्हणवत नाही. रोग्याचा कर्तेपणा ही लहान गोष्ट नाही. पायांतल्या गोळ्यांचेही तसेच. लंडनमध्ये स्टॅटिन सोडून दिलेल्या साठ माणसांना वर्षभर आलटून पालटून काही महिने खरी गोळी, काही महिने बिनऔषधाची, काही महिने रिकामी बाटली दिली. निष्कर्ष २०२० साली आले. खऱ्या गोळीने होणारा त्रास बिनऔषधाच्या गोळीनेही जवळजवळ तेवढाच झाला. दुखणे खोटे नव्हते, पाय खरेच दुखत होते. ते दुखणे गोळीतून न येता गोळीच्या भीतीतून येत होते. काहींना स्टॅटिनने स्नायूंचा खरा त्रास होतो, हेही तितकेच खरे. तेव्हा मात्रा कमी करता येते, दुसरे औषध देता येते. डॉक्टरांना विचारायचे ते हेच. नानांनी विचारलेच नव्हते.

पण नानांपेक्षा मी अधिक विचार केला तो त्यांच्या मित्राचा. अत्यंत सज्जन माणूस. चूर्णात त्यांचा एक पैचा स्वार्थ नाही. स्वतःच्या खर्चाने आणून देतात. त्यांना दोष द्यावा काय? विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली एका निबंधात असाच प्रश्न घातला होता. एका जहाजमालकाचे जहाज जुने झालेले आहे. त्याच्या मनात शंका येते. पण इतक्या सफरींतून ते सुखरूप परतले आहे, परमेश्वर या प्रवाशांची काळजी घेईलच, असे म्हणत म्हणत तो ती शंका मारतो, आणि अगदी निर्मळ मनाने प्रवाशांना निरोप देतो. जहाज बुडते. क्लिफर्डचे म्हणणे असे की, त्याची श्रद्धा प्रामाणिक होती याने त्याचा अपराध कमी होत नाही, कारण त्या श्रद्धेचा त्याला हक्कच नव्हता. आणि जहाज सुखरूप पोहोचले असते तरी अपराध तेवढाच राहिला असता.

हा नियम फार कडक आहे. तो अक्षरशः पाळायचा तर कुणी कुणाला आल्याचा काढासुद्धा सांगू शकणार नाही, आणि आपल्या घरांतला निम्मा जिव्हाळाच संपेल. सल्ला हा आपल्याकडे प्रेमाचाच एक प्रकार आहे. तेव्हा मी त्याला माझ्यापुरती एक मुरड घालते. "लसूण खा, मेथीची भाजी खा, इसबगोल घे" म्हणणाऱ्याने पुराव्याची चिंता करू नये. पण "ती गोळी सोड आणि हे घे" म्हणणारा माणूस जहाज बंदराबाहेर काढतो आहे. १९९४ साली स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. पाच वर्षांहून थोडा अधिक काळ ती चालली होती. बिनऔषधाच्या गोळीच्या गटात शंभरातले बारा गेले, स्टॅटिनच्या गटात आठ. शंभरातल्या त्या चार माणसांचा हिशेब "सोड" म्हणणाऱ्याकडे मागण्याचा हक्क नानांच्या पत्नीला आहे, आणि तेव्हा "मी मनापासून सांगितले होते" हे उत्तर पुरणार नाही. मी हे त्या मित्रांना सांगितले. ते रागावले. दोन महिने बोलले नाहीत, आणि मग एक दिवस स्वतःच नानांना घेऊन हृदयरोगतज्ज्ञाकडे गेले. डॉक्टरांनी गोळी बदलली, मात्रा कमी केली. नाना चूर्णही घेतात; फक्त आता ते डॉक्टरांना ठाऊक आहे. गोळी घेताना तोंड वाकडे करतात, असे त्यांच्या पत्नी सांगतात.

या साऱ्या वादात एका पक्षाला कुणीच बोलावलेले नाही. नोकरीत असताना विद्यार्थ्यांना घेऊन मी कच्छला गेले होते, तेव्हा गुग्गुळाचे झुडूप प्रथम रानात पाहिले. वर्षाचे कित्येक महिने पानावाचून उभे असलेले, काटेरी, कागदासारखी साल सुटणारे, पुरुषभरही उंच नसलेले ते झाड. वाढ अतिशय मंद. डिंक देण्याजोगे व्हायला त्याला आठ-दहा वर्षे लागतात. हिवाळ्यात सालीला वरवर चिरा दिल्या तर ते पुन्हा भरून येते. पण डिंक जास्त यावा म्हणून खोल चिरा देतात, वर लेप लावतात, तेव्हा डिंक भरपूर येतो आणि झाड वाळून जाते. आज जगातल्या संकटग्रस्त जातींच्या यादीत हे झाड अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेले आहे. आमच्याबरोबरच्या वाटाड्याने एका वाळलेल्या खोडाला हात लावून दाखवला. चिरेवर डिंकाचा एक थेंब सुकून दगडासारखा झाला होता. एका विद्यार्थिनीने तो नखाने काढून हुंगला आणि म्हणाली, "बाई, अगदी लक्ष्मीपूजनाच्या धुपासारखा वास येतो."